दौंड–शिरूर फेरी संथ चालविण्याच्या खऱ्या कारणाबाबत

दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक साहेब,
एस. टी. आगार.

अर्जदार : सौ. दयाबाई सत्यवान उजागरे, वय ४८, धंदा घरकाम, राहणार जुने मिशन आवार, शिरूर, जि. पुणे.

विषय : चालक श्री. सत्यवान यशवंत उजागरे यांनी फेरी मुद्दाम संथ चालविली व गाडीत बिघाड असल्याचे खोटे सांगितले, याबाबतच्या चौकशीत त्यांच्या पत्नीचे म्हणणे विचारात घेणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस.
२) सदर चालकाने दिलेला दोन ओळींचा खुलासा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करते ते येणेप्रमाणे :

१. अर्जदार ही सदर चालकाची पत्नी असून प्रस्तुत अर्ज ती त्यांना न विचारता करीत आहे. त्यामुळे अर्जाची पोच घरच्या पत्त्यावर पाठवू नये, ही पहिली विनंती. चालकावर ठपका असा आहे की, मंगळवार दि. २८ जानेवारी रोजी दुपारची दौंड–शिरूर फेरी त्यांनी बैलगाडीसारखी चालविली, थांबा नसताना गाडी उभी केली आणि प्रवाशांनी विचारले असता "क्लच सरकतोय" असे सांगितले. कार्यशाळेत गाडी तपासली तेव्हा क्लच ठणठणीत निघाला. चालकाने खुलाशात लिहून दिले की, क्लच सरकत असल्याचे वाटले, चूक झाली, माफी असावी. साहेब, उभा जन्म स्टिअरिंगवर गेलेल्या माणसाला क्लच कळत नाही, यावर आपला विश्वास बसला नाही हे बरोबरच आहे. खुलासा खोटा आहे. खरे ते चालक सांगणार नाहीत, म्हणून अर्जदारास सांगणे भाग आहे. मजकूर बायकी दुखण्याचा आहे. तो आपण भावाच्या नात्याने वाचावा.

२. अर्जदारास बऱ्याच दिवसांपासून अंगावरून फार जात होते. ते तिने घरात कोणाला कळू दिले नाही. एका रविवारी चर्चमध्ये उपासनेत गीताला उभी राहिली ती तिथेच खाली बसली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा चालकाला कळले. त्यांनी तिला दौंडच्या दवाखान्यात नेले. सोनोग्राफीत गर्भपिशवीला गाठी निघाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, पिशवी काढावी लागेल. पण पोट फाडायचं नाही. दुर्बिणीतून करू. बारीक बारीक भोकं असतात, लवकर घरी जाल." त्या दिवसापासून जो तो हा 'बारीक' शब्दच धरून बसला आहे. अर्जदाराच्या मते सगळ्या घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे.

पहिल्या तारखेला अंगात रक्त कमी भरले, म्हणून परत पाठविले. मग लोहाची सलाईन, बीट, खजूर, अळीव. दुसऱ्या तारखेला अर्जदारास खोकला झालेला होता. भूल द्यायची तर छाती साफ पाहिजे, असे सांगून पुन्हा परत पाठविले. डॉक्टरीणबाईंनी मिश्रीही बंद करायला लावली. मिश्रीवाचून अर्जदाराचे डोके ठणकायचे आणि ती भांड्यांवर राग काढायची. चालकाने आपली तंबाखूची पुडी खिशातून काढून चुलीत टाकली. दोघांनी मिळून तो महिना कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. तिसऱ्या खेपेस तारीख पक्की झाली, पण तोवर चालकाच्या रजा दवाखान्याच्या बाकावर बसून संपल्या होत्या. रजेच्या प्रत्येक अर्जावर त्यांनी 'घरगुती कारण' एवढेच लिहिले. त्यामुळे आगाराने जास्त काही विचारले नाही, यात आगाराचा दोष नाही.

३. शस्त्रक्रियेच्या दिवशी चालकाची साप्ताहिक सुट्टी होती. अर्जदार पहाटेपासून निर्जळी होती. आत नेताना तिने मंगळसूत्र आणि बांगड्या काढून चालकाच्या हातात दिल्या. पुढचे तिला स्वतःला ठाऊक नाही, वॉर्डातल्या सिस्टरने नंतर सांगितले. आत सगळे उरकल्यावर दारातून हाक आली, "दयाबाईंचे नातेवाईक कोण?" चालक पुढे गेले. डॉक्टरीणबाईंनी स्टीलच्या ट्रेमध्ये काढलेली पिशवी दाखविली. "हे बघा काका, ह्या गाठी. आता त्रास संपला." चालकाने बघितले आणि विचारले, "ह्यातच आमची फेथ व्हती का?" फेथ ही आमची एकुलती एक कन्या. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. मग ती पिशवी औषधाच्या पाण्यात घालून, बरणी बंद करून तपासणीला पोहोचवायची होती, ते काम नातेवाइकाचेच असते. बरणी कापडी पिशवीत घालून, दोन्ही हातांनी छातीशी धरून ते पायी लॅबपर्यंत गेले. रिक्षा केली नाही. सिस्टर म्हणाली, "मावशी, हिंदकळंल म्हणून काका रिक्षात बसले न्हाईत."

४. शस्त्रक्रिया पोटाची आणि कळ मात्र उजव्या खांद्यात, असा प्रकार पुढे झाला. दुर्बिणीसाठी पोटात हवा भरतात, ती वर चढून खांदा धरते, असे सिस्टरने समजाविले. पण भेटायला आलेल्यांना ते पटेना. शेजारणीने पांघरूण वर करून पट्ट्या बघितल्या आणि म्हणाली, "एवढंसंच व्हय? माझ्या जावंचं तर पार चिरलं व्हतं." खांदा धरून विव्हळणारी अर्जदार त्यांना सोंगाडी वाटली. आत किती टाके आहेत, ते वरून कोणाला दिसणार? अर्जदारास खोकताना, शिंकताना, कुशीवर वळताना पोटाला उशी लावावी लागे. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावले की, भरली घागर उचलायची नाही, वाकून झाडायचे नाही, रोज थोडे चालायचे, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे धक्के बसू द्यायचे नाहीत.

तिला न्यायला भाऊ एबनेझर गाडी घेऊन येणार होता. त्याची गाडी वाटेत बंद पडली. इकडे खाट दुसऱ्या बाईसाठी रिकामी करून पाहिजे होती. चालक ड्यूटीवर होते, त्यांनी अर्जदारास फोनवर सांगितले, "दुपारी माझीच फेरी हाय दौंडहून. तीत घालून आणतो."

५. आता मुख्य प्रकार. गाडी फलाटाला लागल्यावर चालक खाली उतरले. अर्जदाराजवळ न येता, पाटी बघितल्यासारखे करून लांबूनच म्हणाले, "चाकावरची सीट नको. मधल्या खिडकीला बस. उशी घट्ट धर. आन् गाडीत मला हाक मारू नको."

"का बरं?"

"लोकं विचारत्यात, काय झालं, कसलं आप्रेशन. मी काय सांगू?"

अर्जदाराने मान हलविली. तिने रीतसर तिकीट काढले. वाहक अनिता या आगारात नव्या आहेत, त्यांना नाते ठाऊक नव्हते. त्यांना या प्रकरणात गोवू नये.

दौंड सोडल्यावर पहिलाच गतिरोधक आला. चालकाने जपूनच घेतला, तरी मागची चाके उतरताना अर्जदाराच्या तोंडून "आई गं" निघून गेले. आरशात त्यांची नजर वर आली. त्यानंतर त्यांनी गाडी जी हळू केली ती केलीच. खड्डा दिसला की आधीच ब्रेक. पाटसच्या पुढे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह एस. टी.ला मागे टाकून गेला. पोरे हसली, मग मोठी माणसेही हसली. सार्थक नावाचा तरुण दाराशी उभा होता, कारेगावला कंपनीत दुसऱ्या पाळीला निघालेला. तो ओरडला, "ओ ड्रायव्हर, गाडी चालवताय का ढकलताय? माझी शिफ्ट हाय!"

"क्लच सरकतोय," चालक म्हणाले. साहेब, हे वाक्य त्यांनी तेव्हा प्रथम उच्चारले, आणि मग तेच धरून बसले.

चौफुल्याला अनसाबाई नावाच्या राहूच्या वयस्कर बाई चढल्या आणि अर्जदाराशेजारी बसल्या. पोटाशी उशी बघून त्यांनी विचारले. अर्जदाराने कानात सांगितले, "पिशवीचं आप्रेशन झालंय." अनसाबाईंचा आवाज मेंढरे वळून वळून मोठा झालेला. त्या म्हणाल्या, "आगं मग एकलीच? तुझा नवरा कुठं उलथलाय? पिशवी काढल्याली बाय यस्टीत घातली, आन् ह्यो बाबा बसला आसंल पारावर!"

सगळ्या गाडीने ऐकले. चालकानेही ऐकले. त्यांची मान हलली नाही, फक्त कान लाल झालेले मागून दिसत होते. अर्जदाराच्या ओठांवर आले होते की, मावशी, तो काय पुढं बसलाय. पण शब्द दिलेला होता. ती म्हणाली, "कामावर हायेत."

"काम! बायकूपरीस काम मोठं व्हय त्याला?"

पारगावच्या पुढे अर्जदारास कळ सोसेना. तिने खिडकीवर डोके टेकले. लगेच गाडी बाजूला उभी राहिली. तिथे थांबा नव्हता. चालक पाण्याची बाटली घेऊन निम्म्यापर्यंत मागे आले आणि बाटली वाहकाकडे देऊन म्हणाले, "त्या बाईंना विचारा, जरा थांबायचं का."

त्या बाई. सत्तावीस वर्षांच्या संसारात अर्जदारास त्यांनी कधी असे म्हटले नव्हते. ती वर बघून नुसते "चाललंय" म्हणाली. त्यांनी तिच्याकडे बघितले नाही. बघितले असते तर सगळ्यांना कळले असते. ते वळून केबिनमध्ये गेले, तशा अनसाबाई म्हणाल्या, "बघ, परका माणूस, पण काळीज हाय त्याला. तुझ्या नवऱ्याला शिकव म्हणावं जरा." सार्थक मात्र फोन कानाला लावून सुपरवायझरला विनवत होता, "सर, आलोच, गाडी खराब हाय, सर, ऐका ना." पलीकडून फोन ठेवलेला दिसला. तो दाराशीच पायरीवर बसला.

६. सार्थक यांनी केलेली तक्रार खरी आहे. त्यांना त्या दिवशी पाळीवर घेतले नाही, आणि ते कंत्राटी असल्याने पुढेही बोलाविले नाही, असे ऐकिवात आहे. अर्जदाराचे पोट जपताना त्यांच्या पोटावर पाय आला. याला काय करावे, हे अर्जदारास सुचत नाही. आपणास सुचत असल्यास करावे.

७. घरी पोहोचल्यावर चालकाने अर्जदारास अंथरुणावर टेकविले, उशी सारखी केली आणि एवढेच म्हणाले, "त्या म्हातारीचं खरं हाय." त्यानंतर हा विषय त्यांनी काढला नाही. ड्यूटी बंद झाल्यापासून ते घरी आहेत. पाणी भरतात, भाकरी थापायला शिकले आहेत, ती कडेला जळते. अर्जदाराने घागरीला नुसता हात लावला तरी ओरडतात. शेजारी म्हणतात, "चार टाक्यांपायी नवरा घरी बसवला हिनं." फेथ म्हणाली, "पप्पा, साहेबांना खरं सांगा की." ते म्हणाले, "हापिसात चार माणसांत तुझ्या आईची पिशवी काढू?" आणि भांडी विसळायला बसले.

८. सोमवारी चालकाला चौकशीला बोलाविले आहे. अर्जदाराने स्वतः येऊन जबाब दिला, तर चालकाची नोकरी कदाचित वाचेल, पण ज्या कारणासाठी ते खोटे बोलले तीच गोष्ट टेबलावर येईल. न यावे, तर ते पुन्हा क्लचच सांगतील. यातले कोणते बरे, याचा अर्जदाराने प्रार्थनेतही विचार केला. उत्तर आले नाही. म्हणून हा कागद.

तरी नम्र विनंती की, हा अर्ज मोठ्याने वाचून दाखवू नये. चौकशीच्या वेळी लेखनिकास व वाहकास थोडा वेळ बाहेर पाठवावे आणि चालकास गाडी, क्लच, उशीर यांपैकी काहीही न विचारता एवढेच विचारावे की, "उजागरे, त्या दिवशी गाडीत तुमचं कोणी होतं का?" असे सरळ कोणी विचारले, तर बहुधा ते खरे बोलतील. ते "व्हय" म्हणाले, तर नियमात बसेल ती शिक्षा द्यावी. ती सोसू.

आणि "कोणी नव्हतं" असे म्हणाले, तर कृपा करून त्यांना खोटे पाडू नये. त्यांच्या म्हणण्याप्रमाणेच लिहून घ्यावे, आणि हा अर्ज दप्तरी न लावता सोबतच्या पाकिटातून अर्जदाराच्या हाती परत द्यावा. ती आगाराच्या फाटकाबाहेर थांबलेली असेल. डॉक्टरांनी तिला थोडे चालायला सांगितलेलेच आहे.

आपली नम्र व निरुपाय,

(सही) दयाबाई सत्यवान उजागरे

लिहून घेणार : कु. फेथ सत्यवान उजागरे

सोबत :
१) दवाखान्यातून सोडल्याच्या कार्डाची प्रत.
२) दौंड ते शिरूर प्रवासाचे तिकीट, मूळ.
३) रिकामे पाकीट, एक.