माझ्या डाव्या हाताच्या लेखण्या

मी, श्रीमती कमला बाळगोंडा मगदूम, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार निपाणी, जिल्हा बेळगावी, हे मृत्युपत्र माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या डाव्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टर सुविधा कांबळे खाली देतील. त्या माझ्याच वर्गात चित्रे काढून मोठ्या झाल्या, तेव्हा माझे डोके कसे चालते हे त्यांना नव्याने तपासावे लागले नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही. गळ मात्र घातली, 'असलं काही लिहू नका' म्हणून. ती मी मानलेली नाही.

वकिलांनी टाईप केलेला मसुदा पाठवला होता. त्यात "कोणाही वारसास डावललेले नाही" असे वाक्य होते, ते मी खोडले. नको असलेल्याला डावलायचे, आणि मुलीचे लग्न लावून दिले की ती उजवली! माझ्या हाताने भाषेचे काय घोडे मारले होते कोण जाणे. या कागदात कोणालाही वगळलेले नाही, एवढे पुरे.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझा एकुलता मुलगा अभिनंदन याला. दागिने सुनेला. यावर कोणाचे काही म्हणणे नसावे.

२. काळे एबोनाईटचे मोठे पेन, ड्रॉपरने शाई भरायचे. १९८४ साली आमच्या यजमानांनी कोल्हापुरातून आणले. ते तंबाखूचे व्यापारी, स्वतः सहीपुरतेच लिहायचे, पण दुकानात उभे राहून 'डाव्या हाताला कुठलं चालंल?' असे विचारून आले. दुकानदार हसला म्हणे. एक्केचाळीस वर्षे डाव्या हाताने लिहून निब एका अंगाला झिजली आहे. उजव्या हाताने धरून पाहा, कागद खरवडेल. हे पेन माझी नात दिव्या, वय वर्षे सात, हिला. ती डावरी आहे, माझ्यासारखी.

अभिनंदन म्हणाला, "आई, ही सगळी पेनं काचेच्या कपाटात मांडूया, लई छान दिसतील." अजिबात नाही. शाई आत वाळली की पेन गेलेच समज. त्यात निळी शाई घालावी, आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने धुवावे. काळी चिनी शाई चुकूनही घालू नये, ती टाकाने चित्रे काढण्यासाठी आहे. टाक, अकरा निबा आणि चिनी शाईच्या दोन बाटल्याही दिव्याला.

३. सात बोरू. बाजारात मिळतो तो बोरू उजव्यांसाठी छाटलेला असतो. माझ्या बोरूंचा छाट उलटा आहे, मी स्वतः चाकूने केला आहे. शाळा तपासायला आलेले एक साहेब सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "बाई, तुमचा बोरू चुकलाय." मी म्हटले, "बोरू बरोबर आहे, साहेब. हात तुमचा उजवा आहे." पुढची तीन वर्षे माझी वेतनवाढ का अडली ते मला ठाऊक आहे. बोरू दिव्याला. कोणी शहाण्याने ते 'नीट' तासू नयेत.

४. हातकागदाचे दोन गठ्ठे. आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, म्हणजे डावऱ्याचा हात आपल्याच ओल्या अक्षरांवरून जातो. गुळगुळीत कागदावर सगळे फासले जाते. हातकागद शाई पटकन पितो, म्हणून मी आयुष्यभर तो साठवला. तरी करंगळीखालचा निळा डाग काही गेला नाही. मी गेल्यावर मला अंघोळ घालणाऱ्यांनी तो घासत बसू नये. कागद दिव्याला, आणि तिने तो जपून नव्हे, भराभर वापरावा.

५. टेबल. खिडकी त्याच्या उजव्या बाजूला आहे, कारण डाव्या बाजूने उजेड आला तर माझ्या हाताची सावली माझ्याच अक्षरावर पडते. पूर्वी ते भिंतीला लावलेले होते. यजमानांना त्यांच्या बहिणीसमोर माझ्या बाजूने चार शब्द बोलायचे धाडस कधी झाले नाही, पण एका रविवारी त्यांनी एकट्याने हे जड टेबल ओढून खिडकीशी नेले. मी त्या दिवशी त्यांच्यासमोर रडले. टेबल दिव्याचे आणि ते तिथेच राहील.

६. आता नणंद अक्काताई. लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात आमच्या घरी दिगंबर जैन मुनी महाराजांचा आहार झाला. घाईत मी पाण्याचा गडू डाव्या हाताने ओतला. महाराजांनी पाणी घेतले, आहार पुरा झाला. अक्काताईंचा मात्र आजतागायत झालेला नाही! "एडची सून आणली," असे त्या चिकोडीपर्यंत सांगत सुटल्या. एडची म्हणजे कानडीत डावरी. अक्काताई, पन्नास वर्षे मनात ठेवले ते आज लिहिते. महाराज ओंजळीत आहार घेतात. त्या ओंजळीत डावा हात असतोच.

तरी हे मी गिळले असते. पण या दिवाळीत त्या आल्या आणि दिव्याच्या डाव्या मनगटाला रुमाल बांधून रुमालाचे टोक खुर्चीला अडकवले. पोर उजव्या हाताने स्वतःचे नाव लिहीत होती, वाकडेतिकडे, आणि आवाज न करता रडत होती.

"आत्ताच मोडली तर मोडंल सवय," अक्काताई म्हणाल्या. "पोरीची जात हाय."

"माझी मोडली व्हय?"

"तुझं काय सांगतीस! तुला कुणी वळणच लावलं न्हाय."

लावले होते. मास्तरांनी पट्टीने डाव्या हाताची बोटे फोडून लावले होते. अभिनंदन समोर बसून मोबाईल बघत होता. मी गाठ सोडली, तेव्हा दिव्याने विचारले, "आज्जी, ह्यो हात वाईट हाय?" त्याच हाताने मी तुला वाढवले, अभिनंदन, आणि तू मान वर केली नाहीस. याचा मला राग आहे. हे माझ्या मरणाआधी तुला कळावे म्हणून या कागदाची एक प्रत आजच तुला देणार आहे.

तो रुमाल धुऊन, घडी करून कपाटात ठेवला आहे. तो अक्काताईंना परत द्यावा. माझ्याकडून त्यांना एवढेच.

७. अट. दिव्याचा हात कोणी बांधणार नाही, तिच्या हातातून पेन काढून दुसऱ्या हातात देणार नाही, घरात नाही, शाळेत नाही, देवासमोरही नाही. वकील म्हणाले, "मॅडम, अशी अट कोर्टात टिकत नाही." न टिको. दिव्या वाचायला लागली आहे, तिला हे वाचता येईल.

८. सही. बँकेत, पेन्शनच्या कागदांवर, पस्तीस वर्षांच्या हजेरीपटावर माझी सही उजव्या हाताची आहे. तीच करा, नाहीतर जुळणार नाही, असा वकिलांचा सल्ला. ती सही मास्तरांच्या पट्टीने शिकवलेली आहे. खालची माझी आहे. जुळत नाही हे मला माहीत आहे, आणि कोणी शंका काढलीच तर साक्षीदारांना बोलवावे.

ठिकाण : निपाणी
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

(सही) कमला बाळगोंडा मगदूम

साक्षीदार :
१. डॉ. सुविधा दीपंकर कांबळे, बेळगाव
२. भरमू परशराम खोत, छापखाना, निपाणी

आम्ही दोघे लिहून देतो की, श्रीमती मगदूम यांनी हा मजकूर आम्हास वाचून दाखवला आणि पूर्ण शुद्धीत, आमच्या डोळ्यांदेखत डाव्या हाताने सही केली. सही करताना त्यांचा हात कोणीही धरला नव्हता.