लॉनमधली हरळी

गणेश चतुर्थी, १९९६
संध्याकाळ

ते रिकामं तबक डोळ्यांपुढून जात नाही.

लॉन एकसारखं दिसावं म्हणून पावसाळाभर मी त्यातली हरळी मुळासकट उपटली, तण म्हणून. गणपतीच्या दुर्वा म्हणजे हीच हरळी, हे मला माहीत नव्हतं का?

घरची पूजा आता मीच करतो. बाबांकडे उरलंय ते फक्त अंगणातल्या दुर्वा खुडणं. तेवढ्यासाठी आज ते गडब गावाहून पहिल्या एस.टी.नं आले. तबक घेऊन लॉनवर बराच वेळ वाकून शोधत राहिले आणि तसेच आत आले. तबक रिकामं.

"नाय गावल्या रं. माझी नजरच गेली वाटतं."

तेव्हा तरी खरं सांगायचं ना! मी काय बोललो?

"चष्मा बदलून घेऊ, बाबा."