मधली पडदी

ता. ४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. यांना तुमच्या शहरात गोदामात काम लागलंय, एक तारखेला हजर व्हायचंय. आमच्यासाठी खोली बघ. आख्खं शहर तुला सुतार म्हणून ओळखतं असं सांगत असतोस, मग एक खोली काय जड आहे? लहान असली तरी चालेल.

वहिनीला नमस्कार.
तुझी धाकटी

ता. १० मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

येऊ नका. कारण नीट वाच. रोज गावाकडून माणसं उतरतात, खोल्या मात्र तेवढ्याच. म्हणून घरमालक एका खोलीच्या दोन करतात. मधली लाकडी पडदी मी घालतो. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, पण माझ्या पडदीला फट दाखव! ती उभी राहिली की अर्ध्या खोलीला आख्खीचं भाडं, आणि तरी दारात चारजण उभे. आता आमच्या मालकाने माझ्याच खोलीचं माप मागितलंय. तुझी वहिनी हसतेय, म्हणते नवऱ्याला घरबसल्या काम मिळालं. अर्ध्यात आम्ही कसेबसे मावू, तुम्हाला कुठे ठेवू?

पुढच्या वर्षी बघू. माया पातळ करू नकोस.
दादा

ता. १६ मार्च

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं नाही. तूही गावाकडूनच उतरलास ना रे? असो, राग नाही. हे एकटेच जातील, गोदामात पोत्यांवर झोपतील. मी लेकीला घेऊन इथेच राहीन. ती विचारते, बाबा परत कधी येणार. अजून ते गेलेही नाहीत.

तब्येतीला जप.
धाकटी

ता. २३ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तिघंही निघा. मालकाला सांगितलं, पडदी घालतो, मजुरी नको, पण पलीकडचं अर्धं माझ्या बहिणीला. नाहीतर दुसरा सुतार शोधा. दोन दिवस फुगून बसला, मग कबूल झाला. भाड्यात मात्र दमडी सोडली नाही. तुझं शिवणयंत्र घेऊन ये, भाड्याला हातभार लागेल. मेहुण्यांना सांग, घोरणं ऐकू येईल.

खिडकी एकच, ती तुमच्या बाजूला ठेवलीय. खडूची रेघ तुझ्या वहिनीने मारली. माझं काम सूतभर हलत नाही हे तुला ठाऊक आहे. पण तिची रेघ आमच्याकडे चार बोटं सरकलीय. मी त्या रेघेवरच पडदी घातली.

लोभ पडदीपलीकडूनही असाच येऊ दे.
दादा