तुझ्या दाजींचं तारण गेलं की राहिलं

माझ्या लाडक्या धाकटीस थोरलीचा प्रभूच्या नावाने सलाम, आणि तुझ्या घरातल्या लहानमोठ्यांना माझे पापे.

सगळ्यांत आधी आले ते कुलूपवाले. हो, तेच. तुझा विश्वास बसणार नाही म्हणून परत लिहिते, कुलूपवाले स्वतःच्या पायांनी आमचा जिना चढून आले आणि दार वाजवलं. तुझ्या दाजींपासून दुकान वेगळं केल्यापासून ज्या माणसाने आमच्या उंबऱ्याकडे मान वळवून पाहिलं नाही, तो माणूस घामाघूम होऊन दारात उभा, आणि म्हणतो, वहिनी, पाणी मिळेल का. मी आधी पाणी दिलं आणि मग घाबरले. त्यांच्या मागून, दोन-दोन पायऱ्या एकदम चढत, आमच्या चर्चचे लहान पाळक आले. (लहान म्हणजे वयाने. उंचीने ते आमच्या दाराला वाकूनच येतात, तरी कपाळ आपटलंच.)

थांब, आधी तुझी विचारपूस राहिली. गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसतं बाटलीकडे बघतेस? तुझ्या मागच्या पत्रात तू खोकल्याचं लिहिलं होतंस, तर तो गेला असेल असं धरून चालते. आम्ही सगळे बरे आहोत. नात नोकरीला लागली, कागद टाइप करते, आणि घरी आल्यावर माझ्या बोलण्यातल्या चुका काढते. हे पत्र मी तिला दाखवणार नाही.

आता तुझे दाजी. ते हल्ली विसरतात हे तुला ठाऊक आहे, पण किती, ते तू आलीस तरच कळेल. परवा मला म्हणाले, बाई, तुमचे मिस्टर कामावरून कधी येतात? मी म्हटलं, येतील एवढ्यात. तर म्हणाले, माणूस चांगला असणार, घर किती नीट ठेवलंय. (घर मी ठेवते. तरी मला बरं वाटलं, लग्नानंतर पहिल्यांदाच यांनी घराचं कौतुक केलं.) भांडत नाहीत, रडत नाहीत, वाढलं ते जेवतात आणि प्रत्येक वेळी ओळख नसलेल्या माणसासारखे आभार मानतात. इतका गोड नवरा मला तरुणपणी मिळाला नव्हता.

पण झालं काय, मागच्या प्रभूभोजनाच्या रविवारी, येशूच्या आठवणीची भाकर वाटतात तेव्हा, ताट घेऊन आमच्या रांगेत नेमके कुलूपवाले आले. ते आता चर्चच्या मंडळीचे पंच आहेत, आणि ताट अशा ऐटीत धरतात की जणू भट्टी त्यांनीच लावली. यांनी तुकडा घेतला, डोळे मिटून खाल्ला. ताट रांगेच्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत हे विसरले, आणि भर शांततेत म्हणाले, अहो, आम्हाला अजून दिलं नाही. पुढच्या बाकावरच्या मुली खांदे उडवून हसायला लागल्या. मी यांचा हात दाबला. त्यावर हे आणखी मोठ्याने म्हणाले, या बाईंनाही द्या, भुकेल्या दिसतात.

उपासना सुटल्यावर कुलूपवाल्यांनी अंगणात यांना गाठलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, तुमचा भरवसा कोणावर आहे? सरळ प्रश्न, सरळ उत्तर. यांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, या बाईंवर, या नेतात तिकडे मी जातो. आता मला सांग, चारचौघांत नवऱ्याने असं म्हटलं तर कोणती बायको लाजणार नाही? पण कुलूपवाले लाल झाले. पंचांच्या बैठकीत त्यांनी म्हटलं म्हणे, की ज्याला आपण कोणाची भाकर खातो हे कळत नाही, त्याला ती देणं बरोबर नाही. आणि वर एक वाक्य म्हटलं, ते मला तिसऱ्याच बाईने आणून दिलं, आणि त्या वाक्याने माझं जेवण गेलं. म्हणाले, विसरला म्हणजे सोडला, आणि सोडलं त्याचं तारण गेलं.

मी चौथी शिकलेली बाई. तारण मिळतं कसं, म्हणजे पापातून सुटून देवाघरी जागा कशी मिळते, ते मला लहानपणीच आईने सांगितलं, पण मिळालेलं जातं का, हे विचारायचं कधी सुचलंच नाही. आता रात्रंदिवस तेच. मला आपली एकच धास्ती, की मेल्यावर आम्ही दोघं एका ठिकाणी जाणार की नाही. मी आत आणि हे दाराबाहेर असं झालं, तर तिथे माझं मन रमायचं नाही. आणि यांना तर आपल्या घराचा जिनासुद्धा एकट्याला सापडत नाही.

तर बैठकीत असं ठरलं की पाळक आणि कुलूपवाले दोघांनी घरी येऊन यांना भेटावं, चार प्रश्न विचारावेत, आणि पुढच्या प्रभूभोजनाला ताट यांच्यापुढे धरायचं की नाही ते सांगावं. म्हणून ते आले होते. मी चहा ओतला तो बशीत जास्त आणि कपात कमी पडला.

आणि काय बोलतात गं दोघं. मी तुला खरं सांगते, इतकं सुंदर भांडण मी आयुष्यात ऐकलं नाही. आवाज चढला नाही, शब्द वाकडा गेला नाही, एकमेकांना आधी बोलू देत होते. पाळक म्हणाले, देवाने दिलेलं देव परत काढून घेत नाही, आणि निसटून पडावं इतकं ते माणसाच्या हातात ठेवलेलंच नाही. मला ते इतकं पटलं की मी त्यांच्या बशीत एक बिस्कीट वाढवलं. त्यावर कुलूपवाले म्हणाले, मग शास्त्रात जागोजागी इशारे कशाला, जपा, टिकून राहा, मागे फिरू नका म्हणून? खड्डाच नाही तिथे कोणी पाटी लावतं का? हेही पटलं. त्यांनाही बिस्कीट. मग पाळक म्हणाले, पाटी लावतो तोच हात धरून पलीकडे नेतो. बिस्कीट. कुलूपवाले म्हणाले, हात सोडवून पळणाऱ्याचं काय? बिस्कीट. असं करता करता पुडा संपला आणि प्रश्न होता तिथेच राहिला. मी दोघांनाही मान डोलावली. नात म्हणते, आजी, दोघंही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. तिला काय कळतंय, ती समोर नव्हती.

यांचं मात्र लक्ष पाळकांच्या पिशवीच्या कुलपाकडे. ते उचलून, कानाशी हलवून, यांनी तोंड वाकडं केलं आणि ठेवून दिलं. (बाजारातलं होतं, आणि यांनी जन्मभर हाताने कुलपं केली.) शेवटी कुलूपवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, तुमचा तारणारा कोण, नाव सांगा. यांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, नाव अगदी ओठांवर आहे, तुम्हीच सांगा, तुम्ही जुने गिऱ्हाईक. पाळकांना चहाचा ठसका लागला. मला मात्र हसू आलं नाही. कुलूपवाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की, बघा वहिनी, मी काय म्हणत होतो. खरं सांगायचं तर त्यांनाही आनंद झालेला नव्हता. चेहऱ्यावरून कळतं.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, जरा हळू आवाजात, की तुमच्या मनावर काही पाप आहे का. हे लगेच म्हणाले, आहे. आणि पुढे वाकून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, त्यांनाच सांगायला लागले: "माझा एक भागीदार आहे, बारक्या. त्याने केलेली किल्ली अडकली, तर मी त्याला गिऱ्हाइकासमोर नको ते बोललो. हात त्याचा माझ्यापेक्षा चांगला आहे. आज यायला उशीर झालाय त्याला. आला की माफी मागणार आहे."

धाकटे, बारक्या म्हणजे कुलूपवालेच. तुला आठवत नसेल, तेव्हा ते काडीसारखे होते, आता खुर्चीत मावत नाहीत. याच भांडणावरून त्यांनी दुसऱ्या दिवशी आपली कानस उचलली आणि समोरच्या फुटपाथवर दुकान टाकलं. तेव्हापासून चर्चमध्ये एक या टोकाला बसायचे आणि एक त्या टोकाला. यांनी कधी माफी मागितली नाही, त्यांनी कधी वाट पाहणं सोडलं नसावं.

कुलूपवाले उठले. दाराकडे गेले, आणि दार उघडेना. कारण हे अधूनमधून दुकानात जायला निघतात, म्हणून पाहुणे आत आले तरी मी आतून कुलूप घालते आणि किल्ली माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवते. ती डबी माझ्या मांडीवर होती. पण माझ्या मनात काय आलं देव जाणे, मी म्हटलं, अगं बाई, यांनी कुठे ठेवली कोणास ठाऊक, हे विसरतात. (खोटं बोलले. पाळकांसमोर बोलले. माझं तारण शाबूत आहे का, हे त्यांना नंतर एकट्यात विचारणार आहे.)

आता कुलूपवाल्यांना कुलूप उघडता येत नाही असं कसं होईल. त्यांनी खिशातून तार काढली आणि गुडघे टेकून बसले. पण ते कुलूप यांनी स्वतः केलेलं, ते असं ऐकतंय होय. खडखड झाली तसे हे उठले, जाऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले, त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, दाबू नकोस बारक्या, डावीकडून ये. तोंड ओळखलं नव्हतं, हात ओळखले. मग म्हणाले, उशीर केलास. आणि मग म्हणाले, त्या दिवशी गिऱ्हाइकासमोर बोललो, माझं चुकलं, मला माफ कर.

कुलूपवाल्यांनी तार खाली ठेवली. म्हणाले, केलं माफ. पाळकांनी डोळे पुसले, मी तर उघड रडले. आणि नेमकं तेव्हाच हे परत म्हणाले, बारक्या, तुला एक सांगायचं होतं, त्या दिवशी मी गिऱ्हाइकासमोर बोललो. कुलूपवाले म्हणाले, केलं ना माफ. बरं म्हणाले. दोन मिनिटं गेली, परत तेच. तिसऱ्यांदा कुलूपवाले जरा वैतागले, चौथ्यांदा दात-ओठ खाऊन माफ केलं, आणि पुढे पुढे त्यांना हसायला यायला लागलं, पोट धरून, जमिनीवर बसून. हे दर वेळी नव्याने शरमायचे आणि ते दर वेळी नव्याने माफ करायचे. कितीदा झालं ते पाळकसुद्धा विसरले.

तेव्हा त्या लेकराने, पाळकांनीच (माझ्या नातीपेक्षा थोडाच मोठा, पण काय डोकं दिलंय देवाने) उकिडवं बसून हळूच विचारलं, "भाऊ, तुम्ही पहिल्यांदा दिलेली माफी यांच्या लक्षात नाही. मग गेली का ती?"

कुलूपवाल्यांनी जमिनीवरची तार उचलून खिशात घातली. मग म्हणाले, "माझं मत तेच आहे, साहेब. तारण राखावं लागतं. पण पुढच्या वेळी यांच्या रांगेत ताट मीच आणणार. दोनदा मागितलं तर दोनदा देईन."

मी काय सांगू तुला. माणसाने मत सोडलं नाही आणि हट्ट सोडला, हे मी पहिल्यांदा पाहिलं. ते निघाले तेव्हा मी डबी उघडून किल्ली 'सापडली' म्हणून दाखवली, तर कुलूपवाले म्हणाले, वहिनी, चष्मा टेबलावर आणि डबी इतका वेळ मांडीवर धरून, किल्ली लपवणारे हात मला काही नवीन नाहीत. पण बोलले हसत. पाळक जाताना परत कपाळ आपटून गेले.

आता मला काही काळजी उरली नाही. दोन वेळा जेवते, गाढ झोपते. तारण जात नाही हे मला पुरतं कळलंय. तुम्हा सर्वांना प्रभू सुखरूप ठेवो.

तुझी थोरली

ता. क. काळजी उरली नाही असं वर लिहिलंय ते खरंच आहे. तरीपण तुमच्याकडच्या पाळकांना एकदा सहज विचारून बघ, की माणूस म्हातारपणी देवाचं नावच विसरला तर काय. नाव सांगू नकोस, शेजारचे कोणी आहेत म्हण. ते 'जात नाही' म्हणाले तर उलट टपाली कळव. 'जातं' म्हणाले तर मला लिहू नकोस, नुसतं गुडघ्याचं लिही.

आणखी एक. मी हे पत्र लिहीत होते तेवढ्यात यांनी येऊन विचारलं, बारक्या कधी येणार, त्याला एक सांगायचंय. मी म्हटलं, गुरुवारी. पाळक आणि कुलूपवाले दोघंही गुरुवारी चहाला येतो म्हणून कबूल करून गेलेत.