मागच्या चाकांतली चार बेअरिंगं

मी, घरी उचापत्या या नावाने ओळखला जाणारा, वय एकोणीस, दहावीला दोनदा बसलेला, वॉर्डातल्या सात नंबरच्या खाटेवर, कुणी कान न पिळता, शुद्धीत लिहून देतो. शुद्ध उद्या सकाळी जाणार आहे, हर्नियाच्या ऑपरेशनला. डॉक्टर म्हणाले, "किरकोळ आहे." मीसुद्धा दर वेळी "किरकोळ गंमत" असंच म्हणतो, आणि पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हे मृत्युपत्र.

१. सायकल ताईला. ब्रेक लागत नाही. हे तिला उतारावर कळावं असं फार वाटत होतं, पण सांगून टाकतो.

२. मोबाइल आईला. पासवर्ड तिला माहीत आहे. तिला माहीत आहे हे मलाही माहीत आहे.

३. आता दादाचं. दादा शिलाई मशीन दुरुस्त करतो आणि रिमोटच्या गाड्या शर्यतीत पळवतो. गाडीचा किट येतो तेव्हा चाकांत प्लास्टिकचे बुश, म्हणजे आस फिरायच्या साध्या कड्या, असतात. ते काढून स्टीलची बेअरिंगं घातली की गाडी सुसाट जाते. दादाने एकेक बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलं, घट्ट ग्रीस काढलं, पातळ तेलाचा एकच थेंब दिला. मग पेन्सिलीच्या टोकावर अडकवून टिचकी मारली आणि माझ्या कानाशी धरलं.

"ऐक."

"काहीच ऐकू येत नाही."

"तेच ऐकायचं असतं, गाढवा."

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी मागच्या चाकांतली चार काढली आणि जुने बुश परत घातले. माप तेच, चाक चढवलं की बाहेरून कळत नाही. सकाळी सरावाला गाडी रडत चालली की दादाचं तोंड बघायचं, पोटभर हसायचं आणि परत बसवून द्यायची, एवढाच बेत. पण दादाचा नियम विसरलो: एकदा जुळवलेली गाडी शर्यतीआधी जमिनीला लावायची नाही. सराव झालाच नाही. चार बेअरिंगं खिशातल्या खिशात मोजत मी कडेला उभा. तिसऱ्या फेरीत बुश वितळले, चाक जाम.

दादाने उघडूनही बघितलं नाही. "माझाच हात बिघडला, वाकडं बसवलं असणार," म्हणाला आणि गाडी खोक्यात घालून माळ्यावर टाकली. दोन महिने झाले. आता मशीनचा एकेक स्क्रू तीनतीनदा तपासतो. गिऱ्हाईक वैतागलं की म्हणतो, "माझ्या हाताचा भरवसा नाही."

दादा, तो हात माझा होता. तुझा चांगला आहे. तीन बेअरिंगं उशाच्या चष्म्याच्या डबीत आहेत, तेल दिलेली. ती तुला. चौथं कुठंय ते शुद्धीवर आल्यावर सांगेन, म्हणजे मी परत यावं असं कुणाला तरी वाटेल.

४. साक्षीदाराने मृत्युपत्र वाचायचं नसतं, नुसती सही ठोकायची असते. दादाला साक्षीदार केलाय, कारण तो वाचल्याशिवाय कशावरच सही करत नाही.

ठिकाण: खाट नंबर सात
तारीख: चौदा, मंगळवार, दुपारी चार

सही: उचापत्या

साक्षीदार पहिली: वॉर्डच्या सिस्टर. (म्हणाल्या, "हसायचं ते आज हसून घे, उद्या टाके दुखतील.")

साक्षीदार दुसरा: दादा. वाचलं. चौथं सापडलं, तुझ्या उशीच्या अभ्र्यात. तरी शुद्धीवर ये. कान पिळायचा राहिलाय, आणि गाडी माळ्यावरून काढायची तर शिडी धरायला माणूस लागतो.