तानाबाईंचे अकरा हजार आणि माझे घर

मी, झुंबरबाई पिराजी शिंगे, राहणार गारगोटी, तालुका भुदरगड, जिल्हा कोल्हापूर, वय सदुसष्ट किंवा अडुसष्ट (जन्माची नोंद कुणी केली नाही), आज डोके ठिकाणावर असताना स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण गुडघ्यांचा मृत्युपत्राशी संबंध नाही असे डॉक्टर म्हणाले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेले नाही की फसवलेले नाही. गोड बोलून वळवायचा प्रयत्न एकदा झाला, तो पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि यानंतर करायची इच्छा नाही.

१. माझे पती कालकथित पिराजी शिंगे हे प्राथमिक शिक्षक होते; मी त्यांना मास्तर म्हणायची, गाव गुरुजी म्हणायचे. ते ३ ऑगस्ट १९९७ रोजी वारले. मला दोन अपत्ये: मुलगा प्रसेनजीत, पुण्यात नोकरीला, आणि मुलगी दीक्षा, कोल्हापुरात परिचारिका. दोघेही आपापल्या पायांवर उभे आहेत. मी शाळेत एक दिवसही गेले नाही. गारगोटीच्या सुजाता मुलींच्या वसतिगृहात मी बावीस वर्षे स्वयंपाक केला. मुली संध्याकाळी मोठ्याने वाचायच्या, मी चुलीपाशी ऐकायची आणि नंतर पुस्तक उघडून तेच शब्द शोधायची. पहिलीचे पुस्तक मला तीन वर्षे पुरले. मास्तरांना कळले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "एवढ्या वर्षांत माझी एकच विद्यार्थिनी न शिकवता पास झाली."

२. घराची वाटणी सांगण्याआधी एक हकिकत लिहिणे भाग आहे. ती वाचल्याशिवाय माझ्या अटी कुणाला कळणार नाहीत.

आमचे वसतिगृह मुठीवर चालते. आजूबाजूच्या घरांतल्या बायका स्वयंपाकाला बसताना तांदळाची एक मूठ वेगळ्या डब्यात टाकतात, आणि रविवारी मुली दारोदार जाऊन ते डबे रिकामे करून आणतात. बाकी खर्चाला सरकारी अनुदान आणि देणग्या. मास्तर स्थापनेपासून खजिनदार. वार्षिक सभेत ते उभे राहून सगळा हिशेब मोठ्याने वाचायचे. त्यांचा आवाज चांगला होता. वाचून झाले की विचारायचे, "कुणाला काही शंका?" कधीच कुणी विचारले नाही. गुरुजींना हिशेब विचारणे म्हणजे त्यांच्यावर संशय घेणे, असे आमच्याकडे सगळ्यांना वाटायचे. मलाही वाटायचे. मान देण्याच्या नादात आम्ही त्या माणसाला एकटे पाडले, हे मला फार उशिरा कळले.

नेसरीच्या तानाबाई कृष्णात रेडेकर यांची मुलगी वर्षाराणी आमच्याकडे तीन वर्षे होती. तेव्हा मुलींना न्हाणीघर नव्हते. विहिरीमागे पोत्याचा आडोसा, आणि उजाडायच्या आत सगळ्यांनी आंघोळी उरकायच्या. वर्षाराणीला त्याची फार लाज वाटायची, घरी गेली की आईला सांगायची. १९९२ च्या उन्हाळ्यात ती काविळीने गेली. त्याच वर्षी दिवाळीनंतर तानाबाई आल्या आणि लेकीच्या लग्नासाठी साठवलेले अकरा हजार रुपये मास्तरांच्या हातात दिले. "पोरींसाठी न्हाणी बांधा, पक्की. दुसरं काय नगं." मास्तरांनी पावतीवर "स्नानगृह निधी" असे स्वच्छ अक्षरात लिहिले.

पुढच्या आषाढात अनुदान आले नाही. त्या दिवसांत लोकांच्याच घरी धान्य संपत आलेले असते, त्यामुळे मुठीही कमी झाल्या. सेहेचाळीस मुली होत्या. एका सकाळी दारात तांदळाची आणि तुरीची पोती उतरली. मी विचारले, "अहो, हे कुठनं आणलंसा?" ते म्हणाले, "उचल घेतलीय." मी पुढे विचारले नाही. ते तांदूळ मीच निवडले आणि मीच शिजवले.

अनुदान उशिरा आले आणि थकलेल्या देण्यांत संपले. कागदावर मात्र स्नानगृह निधी शिल्लक होता, आणि सभेत दर वर्षी तो तसाच वाचला जात होता. तपासनिसाने विचारले तर "जागा ठरायची आहे" हे उत्तर ठरलेले. मास्तरांनी स्वतःसाठी त्यातला एक रुपया घेतला नाही. पण त्यांनी खोटे वाचले. चार वर्षे वाचले. तानाबाई भेटायला आल्या की ते मागच्या दाराने शाळेत निघून जायचे. मला वाटायचे, मेलेल्या पोरीची आठवण निघते म्हणून त्यांना सहन होत नाही.

ते गेल्यावर त्यांच्या रोजनिशीत एक चिठ्ठी सापडली. "तानाबाईंचे पैसे पोरींच्या जेवणात गेले. त्यांना सांगितले पाहिजे." खाली तारीख नाही. हे त्यांनी किती वर्षे ठरवत ठेवले होते कोण जाणे.

चिठ्ठी घेऊन मी अध्यक्ष बाळासो मुसळे यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "वैनी, गेलेल्या माणसाचं नाव कशाला काढतायसा? ऑडिट झालंय की. गुरुजींनी पोरींस्नीच घातलं नव्हं?" मला तेच ऐकायचे होते, म्हणून मी ऐकले. सात वर्षे गप्प बसले. यात बाळासोंइतकाच माझाही दोष आहे.

२००४ च्या नोव्हेंबरात तानाबाई पुन्हा आल्या. कमरेची पिशवी सोडली आणि पाच हजार माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, "म्हस विकली. मास्तरांस्नी पैसं कमी पडलं असतील, म्हणून ऱ्हायलं असंल काम. भिंती तुमच्या, दार माझ्याकडनं."

तेव्हा मला बोलावेच लागले. चिठ्ठी दाखवली. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवली. तानाबाईंनी चिठ्ठी हातात घेऊन पाहिली. मग म्हणाल्या, "पोरी जेवल्या?"

"जेवल्या."

"मग मला तवाच का न्हाय सांगितलं? मी काय न्हाय म्हटलो असतो व्हय? त्या पोरी काय माझ्या न्हवत्या?" आणि मग त्यांचा आवाज चढला. "बारा वर्सं त्या विहिरीमागं बघतोय मी. यष्टीतनं उतरलो की आधी तिकडं बघतोय, आज तरी भिंत उभी असंल म्हणून. मला येडी केलासा की ओ तुम्ही!"

मी पाया पडायला गेले तर त्यांनी हात धरला. "पाया पडून भागत न्हाय. मला एकटीला सांगूनबी भागत न्हाय. खोटं चार माणसांत वाचलंय, खरंबी चार माणसांतच वाचा."

जानेवारीतल्या सभेला मी मुलींकरवी निरोप धाडला. मुठी गोळा करताना प्रत्येक दारात सांगा, हिशेब ऐकायला या. सव्वाशे बायका आल्या. बाळासो दारातच म्हणाले, "वैनी, ह्या सभासद न्हाईत. ह्यांच्याकडं पावती न्हाय."

मी म्हटले, "मग ह्यांचा तांदूळ कशाला शिजवून घातलासा? त्यालाबी पावती न्हवती की."

मी उभी राहिले आणि सगळे वाचले. पोती कधी आली, पैसे कुठले होते, कागदावर काय लिहिले, आणि मी किती वर्षे गप्प राहिले. मग मागून एक बाई म्हणाल्या, "गुरुजींनी आमास्नी सांगितलं असतं, तर दोन मुठी टाकल्या असत्या की." तेवढेच. नंतर बायका उठल्या, चहा प्यायल्या, गुडघेदुखीवर बोलल्या. मास्तरांना कुणी चोर म्हटले नाही. ज्याची मला सात वर्षे भीती होती ते एका चहात संपले. त्या रात्री, मास्तर गेल्यानंतर पहिल्यांदाच, मला सलग झोप लागली.

माझ्या पाटल्या मोडून चार खोल्यांचे न्हाणीघर जून २००५ मध्ये बांधून झाले. दारे तानाबाईंकडून. पाटल्यांवर कोणाचा हक्क निघत असेल तर तो आता भिंतीत आहे.

३. गारगोटीतील माझे दोन खोल्यांचे कौलारू घर, मागच्या परसासह, मी सुजाता वसतिगृहाच्या विश्वस्त मंडळाला देते. अट एकच आहे, पण ती मोडली तर घर परत जाईल. दर वर्षी हिशेब मोठ्याने वाचला गेला पाहिजे, आणि ऐकायला मूठ देणाऱ्या बायकांना व वसतिगृहातल्या मुलींना बोलावले पाहिजे. त्यांना पुढे बसवावे, विश्वस्त मागे बसले तरी चालतील. ज्या कामासाठी पैसा दिला त्याखेरीज दुसऱ्या कामाला तो वळवायचा असेल, तर आधी देणाऱ्याला विचारावे. अडचण कोणालाही येते, आम्हाला आली होती. विचारायला एसटीचे तिकीट तेवढे लागते. सलग दोन वर्षे असे वाचन झाले नाही तर घर माझी मुलगी दीक्षा हिच्याकडे जाईल. तिला घर नको आहे, हे तिने मला स्पष्ट सांगितले आहे. म्हणून तर तिचे नाव घातले. घरासाठी ती कधी वाकडे वागणार नाही.

घराला "पिराजी गुरुजी स्मृती भवन" अशी पाटी लावण्याचे बाळासोंनी सुचवले आणि त्याच बैठकीत अट काढून टाकायला सांगितले. वर उल्लेख केलेले गोड बोलणे ते हेच. पाटी लावू नये, अट काढू नये.

४. पोस्टातली साठ हजारांची ठेव प्रसेनजीत आणि दीक्षा यांना निम्मी निम्मी. माझा पितळी हंडा दीक्षाला. मोठी परात वसतिगृहाचीच आहे, ती चुकून माझ्या घरी राहिली आहे. ती आधी परत करावी.

५. माझी एकशे चौदा पुस्तके मुलींच्या वाचनाच्या खोलीला. कपाटाला कुलूप लावू नये. एखादे पुस्तक हरवले तर हरवू द्यावे, कुणीतरी ते वाचत असेल.

६. श्री. बाळासो मुसळे यांना मी माझे भिंग देते. ताळेबंदाखालच्या टिपा बारीक अक्षरात असतात. मास्तर गेल्यानंतरच्या जलदान विधीला आलेले असताना, लोक जेवत होते तेव्हा, ते माझ्याकडून हिशेबाच्या कपाटाची किल्ली मागून घेऊन गेले होते. तो राग मी आठ वर्षे जपला, आता भिंगाबरोबर तोही देऊन टाकते. माणूस वाईट नाही. सभेनंतर न्हाणीघराच्या पायाला स्वतः उभे राहून त्यांनी सिमेंट मोजून घेतले, हेही नोंदवते.

७. मास्तरांचे सहा सदरे प्रसेनजीतला. मी अजून दर वर्षी सभेच्या आदल्या दिवशी त्यातला एक धुऊन खळ घालते. का घालते ते विचारू नये. माझ्यामागे त्याने घालायची गरज नाही, अंगात घातले तरी पुरे.

सभेनंतर प्रसेनजीत फोनवर म्हणाला होता, "आई, बाबांचं नाव घालवलंस." त्यानंतर दहा महिने फोन नाही. दिवाळीच्या सुट्टीत आला, एकटाच वसतिगृहावर गेला. मी लांबून पाहत होते. त्याने न्हाणीघराचे दार उघडून बंद करून पाहिले, नळ सोडून पाहिला, आणि घरी येऊन म्हणाला, "पाण्याला जोर चांगला हाय." बाळा, तुझ्या बाबांचे नाव गेलेले नाही. त्यांना जे एक वाक्य बोलता आले नाही, ते मी बोलले. बायकोने नवऱ्याचे राहिलेले काम करायचे नाही तर कुणी करायचे?

८. माझा अंत्यविधी साधा, बौद्ध पद्धतीने करावा. मुलींची परीक्षा असेल तर त्यांना बोलावू नये. रडायला दीक्षा पुरेशी आहे, ती मोठ्याने रडते.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दीक्षाने करावी. माझ्यानंतरच्या पहिल्या सभेत हे सगळे मोठ्याने वाचावे, भिंगाचे कलमसुद्धा. मला आता कुणापासून काही लपवायचे नाही, आणि इतके हलके मला कधीच वाटले नव्हते.

वरील मजकूर मी दोनदा वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. मी अंगठा देत नाही, सही करते.

सही: झुंबरबाई पिराजी शिंगे
ठिकाण: गारगोटी
दिनांक: १२ मार्च २००६

आमच्या दोघांच्या समक्ष श्रीमती शिंगे यांनी सही केली, आणि आम्ही त्यांच्या समक्ष केली. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार पहिले: उदयसिंह बाबासो चौगले, निवृत्त पोस्टमास्तर, गारगोटी. (सही)

साक्षीदार दुसऱ्या: तानाबाई कृष्णात रेडेकर, शेती, नेसरी. (डाव्या हाताचा अंगठा)

टीप, उदयसिंह चौगले यांच्या हस्ताक्षरात: सह्या होण्यापूर्वी श्रीमती रेडेकर यांना सर्व मजकूर वाचून दाखवला. कलम तीनपाशी त्यांनी थांबवून विचारले, "आणि वाचणारानं पुन्ना खोटंच वाचलं तर?" श्रीमती शिंगे यांनी थोडा विचार करून कलम तीनला पुढील वाक्य जोडण्यास सांगितले: "ऐकणाऱ्या कोणत्याही बाईला मूळ पावती मागून हातात घेता येईल, आणि तिला वाचता येत नसेल तर तिने स्वतः निवडलेल्या माणसाकडून ती वाचून घेता येईल." हे वाक्य श्रीमती रेडेकर यांना दोनदा वाचून दाखवले. नंतर त्यांनी कागद माझ्याकडून घेऊन शेजारच्या नववीतल्या मुलीकडून तिसऱ्यांदा वाचून घेतला, आणि मग अंगठा दिला.