आठ चौरस मीटर

२ फेब्रुवारी, रविवार

पोचलो एकदाच्या! सामान तीन तासांत वर चढलं, एकही कप फुटला नाही, आणि भिंगरीने घरात पाऊल टाकल्या टाकल्या जाहीर केलं की खिडकीकडची बाजू तिची. घर म्हणजे एकच लांब खोली. एका टोकाला ओटा आणि मोरी, दुसऱ्या टोकाला खिडकी. मी सवयीने टेप काढली: सहा मीटर बाय अडीच. मालकीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, भाडेकरू नळाला पाणी येतं का ते विचारतात, भिंती मोजणारी पहिलीच बघितली.

आम्ही दोघीच. तिचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली. ती आठ वर्षांची आहे आणि एका जागी आठ सेकंद टिकत नाही, म्हणून भिंगरी. उद्यापासून मी कचेरीच्या नकाशा विभागात रुजू होणार. नेमणूक कच्ची आहे. भौगोलिक माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं शेवटचं सत्र उरलंय, ते पार पडलं की पक्की. अभ्यासक्रम अर्धवेळ आणि ऑनलाइन, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तास. नोकरी, पोर आणि अभ्यास, तिन्ही एकदम. हौस म्हणतात ती हीच.

मालकीणबाईंचं जुनं लाकडी कपाट खिडकीपासून दोन मीटरवर आडवं लावलं. झाली भिंगरीची खोली! तिला एकटीने झोपायची पहिलीच वेळ, म्हणून ती कपाटावर टकटक करत राहिली आणि मी पलीकडून सांगत राहिले, मी आहे ना, इथेच आहे.

रस्त्याच्या कडेला औषधाच्या दुकानाला टेकून किल्लीवाल्याची टपरी आहे. त्याच्याकडून जादा किल्ली करून घेतली. ती माझ्या हातावर ठेवून म्हणाला, झालं बघा, राजेशाही काम. भिंगरी तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला तेच म्हणते आहे, दात घासण्यालासुद्धा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कचेरी बरी आहे. साहेब कमी बोलतात, पंखा जास्त बोलतो.

जिन्याखाली इस्त्रीवाल्या मावशी बसतात. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग, तोंडात सगळ्यांसाठी माया. शाळा सुटल्यावर मी येईपर्यंत भिंगरी त्यांच्याजवळ बसेल असं ठरलं. त्या तिला बाळराजे म्हणतात. माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं.

आज पहिला तास. पडद्यावर आम्ही चौदा जण, चौदा चौकोन. शिकवणाऱ्या बाईंचा कॅमेरा बंद, फक्त आवाज, तोही गोड. वर्गात एक दाढीवाला आहे, तो हसला की शेवटी उचकी लागते, मग सगळेच हसतात. सत्राचं काम असं: आपण राहतो त्या गल्लीचा नकाशा करायचा. प्रत्येक जागा स्वतः मोजायची, तिची आकृती काढायची आणि आकृतीला मालकाचं नाव जोडायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर टेप घेऊन गल्लीत. औषधाच्या दुकानाचे मालक मापं घेऊ देईनात, किल्लीवाल्याने त्यांना पटवलं. ते दुकानदार किमतीपलीकडे शब्द बोलत नाहीत, हा माणूस त्यांच्या वाट्याचंही बोलतो. भिंगरी टेपचं दुसरं टोक धरून पळत होती, त्यामुळे निम्मी मापं दोनदा घ्यावी लागली.

दुपारी आकृत्या काढत बसले तर ही खांद्यावर हनुवटी ठेवून हजर. तिची खोली नकाशात का नाही? समजावलं की घर एक, म्हणून आकृती एक. तिने असं काही तोंड पाडलं की शेवटी कपाटाच्या जागी रेघ मारली आणि घराच्या दोन आकृत्या केल्या. खिडकीकडची पाच चौरस मीटर, मालक: भिंगरी. ओट्याकडची दहा, मालक: आई. गंमत म्हणून. राजेशाही काम, म्हणाली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाई म्हणाल्या, माझ्या नकाशात फार गर्दी आहे. मग नियम सांगितला. नकाशाला एक किमान क्षेत्र ठरवायचं. त्याहून लहान आकृती ठेवायची नाही, पण नुसती पुसायचीही नाही, नाहीतर तिथे भोक पडतं. जिच्याशी तिची सर्वांत लांब कड लागून असेल त्या शेजारच्या आकृतीत ती विलीन करायची. एक कळ दाबली की काम होतं.

मी दोन चौरस मीटर ठरवलं आणि कळ दाबली. सात आकृत्या गेल्या: विजेच्या पेट्या, कचराकुंडी, असंच बारीकसारीक. नकाशा खरंच स्वच्छ दिसतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

किल्लीवाल्याची टपरी नाही. उठून गेला असेल म्हणावं, तर खुणाही नाहीत. औषधाचं दुकान तिथपर्यंत आलंय आणि त्या भिंतीचा रंग वर्षानुवर्षं ऊन खाल्ल्यासारखा जुना आहे. तीन जणांना विचारलं. इथे किल्लीवाला कधीच नव्हता म्हणतात.

भिंगरीच्या खोकल्याचं औषध घेतलं. दुकानदारांनी बाटली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, झालं बघा, राजेशाही काम. मग स्वतःच दचकले. त्यांच्या बोटांच्या टोकांना धातूचा काळा कीस लागला होता.

माझी जादा किल्ली आहे. कुलूप उघडते. मी तीनदा उघडून बघितलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नकाशा उघडून बघितला. सात आकृत्यांत एक टपरी होती. दीड चौरस मीटर.

माझंच डोकं फिरलंय, जागरणं झालीत, असं स्वतःला बजावून तासाला बसले. आज बारा चौकोन. दाढीवाला नव्हता. तो कुठे आहे विचारलं तर वर्गात कुणालाच तो आठवेना. बाई हसल्या. शेवटी उचकी लागली.

बाईंनी माझं किमान क्षेत्र परस्पर चार करून टाकलंय. म्हणाल्या, अजून गर्दी आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कचेरीतून आले तर भिंगरी पायरीवर एकटी. जिन्याखाली भिंत. सरळ, कोरडी, गिलावा केलेली भिंत.

मावशींची जागा तीन चौरस मीटर होती. मीच मोजली होती. आणि त्या तर काल रात्रीच बहिणीकडे गेल्या होत्या, दुसऱ्या गावी, शाळा सुटायच्या आत परतणार होत्या! तरीही. म्हणजे माणूस जागेवर नसला तरी सुटका नाही.

मालकीणबाईंनी हाक मारली. त्यांचं स्वयंपाकघर आता जिन्याखालपर्यंत गेलंय. त्यांनी भिंगरीच्या गालावरून हात फिरवला आणि तिला बाळराजे म्हणाल्या. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग. कधी भाजलं विचारलं, तर पदराने तो डाग पुसायला लागल्या.

वर आल्यावर सवयीने तिला म्हटलं, आधी हात धू. ती हात धुता धुता सहज म्हणाली की मालकीणबाईंच्या आत इस्त्रीवाल्या मावशी आहेत, आणि त्या रडतात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंगरीची आकृती पाच चौरस मीटर आहे.

मी काढली. मी. गंमत म्हणून.

२३ फेब्रुवारी, रविवार

रेघ पुसायचा प्रयत्न केला. पुसली जात नाही. काम जमा झाल्यावर नकाशाला कुलूप लागतं. बाईंना चार पत्रं पाठवली. अभ्यासक्रम सोडते, नापास करा, नोकरी गेली तरी चालेल, पण नकाशा काढून टाका. उत्तर आलं की माझं काम वर्गात सर्वांत नेटकं आहे, हिंमत हारू नये.

ताईला फोन केला. तिला सगळं सांगितलं नाही, वेडी ठरवली असती. एवढंच म्हटलं की लवकर ये. त्याआधी जमत नाही, दहा मार्चचं, सोमवारचं तिकीट काढते म्हणाली.

४ मार्च, मंगळवार

सहा चौकोन. बाईंना आता कितीतरी आवाज आहेत, एकाच वाक्यात.

अंतिम किमान क्षेत्र आठ. येत्या रविवारी दुपारी बारा वाजता आपोआप विलीन होणार.

मी रडले, सगळ्यांसमोर. त्या शांतपणे म्हणाल्या, रेघ पुसता येत नाही. मात्र जागेवर माप खरोखर बदललं असेल तर फोटोसह दुरुस्ती पाठवावी, रेघ सरकवता येते.

५ मार्च, बुधवार

सकाळपासून आकडेमोड. कचेरीत, टपालाच्या पाकिटांच्या पाठीवर, हातावर. खोली पंधरा चौरस मीटर. तिला आठ हवेत, मलाही आठ. सोळा होतात.

सोळा होतात. कसंही मांडलं तरी.

बाहेर गॅलरी नाही, माळा धरत नाहीत. मालकीणबाईंना म्हटलं खोलीची भिंत एक हात बाहेर सरकवू, मी पैसे देते. हसल्या. दोघी हसल्या.

७ मार्च, शुक्रवार

भिंगरी विचारते मी तिच्याकडे सारखी का बघते. तिच्या कोपराला खपली आहे. पुढचा एक दात अर्धा आलाय. तो पूर्ण आलेला

असो. ठरलं.

८ मार्च, शनिवार

कपाट सरकवलं. दोघींनी मिळून, ती ओढत होती, मी ढकलत होते. आता खिडकीपासून चार मीटर तिचे. दहा चौरस मीटर! ती अख्ख्या खोलीभर गिरक्या घेत होती. तिने विचारलं, एवढी मोठी खोली मला का? म्हटलं, तू मोठी होणार म्हणून.

माझ्याकडे ओट्याजवळ पाच उरले. फोटो पाठवले. दुरुस्ती मंजूर.

माझी सर्वांत लांब कड कपाटाची, म्हणजे तिच्याशीच. बाकी बाजूंना मोकळी हवा. बरं झालं. मालकीणबाईंमध्ये जायचं म्हणजे तिथे आधीच गर्दी.

भीती वाटते. खूप वाटते. तिला कळू देत नाहीये.

९ मार्च, रविवार

साडेदहा. ताईसाठी पत्र दाराला आतून चिकटवलंय. लिहिलंय, तुला मी आठवणार नाही, पण ही तुझ्या बहिणीची मुलगी आहे. विश्वास ठेव. तिला घेऊन जा. वस्तू राहतात, जादा किल्ली राहिली तसा हा कागदही राहील, आणि ताईच्या हातातलं उद्याचं तिकीटही.

दूध पातेल्यात. बिस्किटं खालच्या फळीवर. जादा किल्ली तिच्या गळ्यात.

अकरा वीस. वेणी घातली. परत सोडून परत घातली.

पावणेबारा. ती पलीकडे गाणं म्हणते आहे. कपाटावर टकटक केली तिने. मी पण केली—

पाच मिनिटं. माझा हात वहीवर नीट टेकत नाही—

भिंगरी, घाबरू नको, मी आहे ना, मी—

रविवार

मी भिंगरी. ही वही ओट्याजवळ पडली होती. अक्षर मोठ्या माणसाचं आहे. मला सगळं वाचता येत नाही.

माझी खोली खूप लांब आहे. कपाट ओट्याच्या भिंतीला टेकून आहे. मी टकटक केली पण पलीकडे काहीच नाही. मग मी खोली मोजली. टेप कुठे असते ते मला माहीत होतं. सहा मीटर बाय अडीच.

मालकीणबाई वर आल्या होत्या. त्यांनी विचारलं, बाळराजे, तुझ्याबरोबर कोण राहतं? मी म्हटलं कोणी नाही.

माझी वेणी कोणी घातली?

भूक लागली म्हणून मी बिस्किट घेतलं. तेव्हा मी म्हणाले, आधी हात धू. मीच म्हणाले. मोठ्यांदा. मग मी हात धुतले.

मला खूप रडू येतंय. का ते कळत नाही. आणि माझाच हात माझ्या डोक्यावरून फिरतोय, आणि माझंच तोंड मला सांगतंय की रडू नको बाळा, मी आहे ना, इथेच आहे, मी इथे